आजचे मनन : रेव्हरंड टिळक आणि शेवटच्या रांगेतलं आमेन

आजचे वाचन : १ करिंथ १४:१३-१९, कलस्सै ३:१२-१७



करिंथकरांस पत्राचा चौदावा अध्याय आपण बहुतेक वेळा अन्य भाषांच्या विषयासाठी उघडतो. आज त्यातल्या सोळाव्या वचनाकडे लक्ष द्या. तिथे पौल मंडळीतल्या एका साध्या माणसाचा विचार करतो. हा माणूस पुढे उभा नाही, त्याच्या हातात काही जबाबदारी नाही, तो फक्त उपासनेला आला आहे. पुढे चाललेली उपकारस्तुती त्याला कळलीच नाही, तर तो तिला आमेन कसं म्हणणार, असं पौल विचारतो. त्याच्या आधीच्या वचनात तर तो गाण्याचाच उल्लेख करतो. गाताना आत्मा जागा हवा आणि बुद्धीही जागी हवी, असा त्याचा आग्रह आहे.

मी गेली काही वर्षं आमच्या मंडळीत गाण्याची बाजू सांभाळतो. रविवारी कोणती गीतं घ्यायची, कोणत्या पट्टीत घ्यायची, पेटी कोण वाजवणार, हे ठरवण्याचं काम माझ्याकडे असतं. म्हणून हे वचन मला टोचतं. मी पुढे उभा राहून गातो तेव्हा माझं लक्ष सुरांकडे आणि तालाकडे असतं. शेवटच्या रांगेतल्या माणसाचं आमेन माझ्या हिशोबात आहे का?

ह्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. त्यांचं नाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ‘उपासना संगीत’ उघडलं की दर दोनचार पानांनी ते दिसतंच. पण नाव ओळखीचं झालं की माणूस विसरला जातो. म्हणून आज त्यांचं जीवन थोडं सविस्तर पाहू या.

शोध घेणारा माणूस

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी, चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. आई जानकीबाई भाविक होत्या. नारायण लहान असतानाच त्या वारल्या. वडील कडक स्वभावाचे. आई गेल्यावर घर उरलं नाही असंच म्हणायला हवं. मुलगा नाशिकला गेला आणि तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. शिक्षण पुरं होण्याआधीच पोटासाठी नोकरी धरावी लागली. लग्न झालं ते नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी. लग्नानंतर तिचं नाव लक्ष्मी झालं. ह्याच आपल्या लक्ष्मीबाई टिळक, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या.

टिळक एका जागी फार दिवस टिकत नसत. आज इथे शिक्षक, उद्या तिथे. कविता करायच्या, व्याख्यानं द्यायची, आणि कधी कोणाला न सांगता घरातून निघून जायचं. मागे बायकोचे काय हाल होत असतील ह्याचा हिशोब त्यांच्याजवळ नसे. लक्ष्मीबाईंनी हे काही झाकून ठेवलेलं नाही. हसतहसत, पण सगळं खरं लिहिलं आहे. देवाच्या सेवकांची चरित्रं वाचताना मला हे बरं वाटतं. पवित्र शास्त्रही याकोबाचं किंवा पेत्राचं कुठे झाकतं?

पुढे ते नागपूरला गेले. तिथे आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम केलं, ‘ऋषि’ नावाचं मासिक चालवलं. मन मात्र स्वस्थ नव्हतं. आपल्या देशाची ही अवस्था का, जातिभेदाने माणसं एकमेकांपासून तुटली आहेत ती जोडणारा धर्म कोणता, हे प्रश्न त्यांना सतत छळत होते.

१८९३ साली ते आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. तो अदबीने वागला, बसायला जागा करून दिली, आणि काव्यावर बोलणं सुरू झालं. निरोप घेताना त्याने टिळकांना नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. तो कोण होता हे टिळकांना पुढे कधीच कळलं नाही. दिलेल्या शब्दाखातर त्यांनी पुस्तक वाचायला घेतलं आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी येऊन ते थांबले. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. जे प्रश्न ते वर्षानुवर्षं घेऊन हिंडत होते, त्यांची उत्तरं त्यांना त्या तीन अध्यायांत दिसू लागली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. डब्यातल्या त्या अनोळखी माणसाचे शब्द साधारण दोन वर्षांत खरे ठरले.

घरातली पहिली मंडळी

बाप्तिस्म्याची किंमत टिळकांनी मोजली. आप्त तुटले, जात तुटली, आणि लक्ष्मीबाई आपल्या लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. लोकांची बोलणी, रडणं, आजारपण, सगळं त्यांनी सोसलं. ही ताटातूट जवळजवळ पाच वर्षं चालली.

टिळक अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. उपदेशक तयार करणाऱ्या शाळेत ते शिकवत. त्यांनी पत्रं लिहिली, कविता लिहिल्या, वाट पाहिली. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहायला आल्या, तरी सोवळं-ओवळं सुटलं नव्हतं. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी त्यांच्यावर बाप्तिस्म्याची जबरदस्ती केली नाही. विचार करता करता एक दिवस लक्ष्मीबाईंच्या मनातूनच जातीची भिंत पडली. माणसाने केलेला भेद देवाने केलेला नाही हे त्यांना आतून पटलं, आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

हा भाग मी गाण्याच्या विषयात का सांगतोय, असं कोणी विचारेल. कारण टिळकांचं पुढचं सगळं काम मला इथे बीजरूपाने दिसतं. दुसऱ्याच्या तोंडून आपल्याला हवं ते वदवून घेता येतं. धाकाने घेता येतं, कंटाळा आणून घेता येतं. पण ते आमेन खोटं असतं. लक्ष्मीबाईंचं आमेन यायला पाच वर्षं लागली, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं. ते किती खरं होतं हे टिळकांच्या मृत्यूनंतर दिसलं, ते पुढे सांगतो.

नगरच्या मंडळ्या काय गात होत्या

आता त्या काळच्या उपासनेत जरा जाऊन बसू या. मिशनरी लोकांनी मराठीत पुष्कळ गीतं आणली होती. त्यातली बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरं, आणि चालीही तिकडच्याच. मिशनरींचा हेतू चांगला होता, मेहनतही मोठी. त्या गीतांनी अनेकांना प्रभूजवळ नेलं हेही खरं. पण एक अडचण होती, आणि गाणाऱ्याला ती लगेच कळते.

इंग्रजी गीताची चाल शब्दांवरच्या आघातावर चालते. एक अवयव जोरात, एक हलका, अशी ती पावलं टाकते. मराठीत तसा आघात नाही. आपल्याकडे ऱ्हस्व आणि दीर्घ. ‘कृपा’ हा शब्द घ्या. ‘कृ’ आखूड, ‘पा’ लांब. चालीने जर ‘कृ’ वर मोठा सूर ठेवला आणि ‘पा’ झटकन उरकला, तर शब्द तोच राहतो पण कानाला तो आपला वाटत नाही. एखाद-दुसऱ्या शब्दाचं असं झालं तर चालतं. पूर्ण गीतच असं असलं की माणूस अर्थ सोडून देतो आणि नुसते सूर पकडत राहतो.

शिवाय ही मंडळी कोण होती? नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतली माणसं. महार आणि मांग समाजातली पुष्कळ. गावकुसाबाहेर ज्यांना ठेवलं होतं अशी. अक्षरओळख थोड्यांनाच. पुस्तक हातात दिलं तरी उपयोग काय? आणि ह्याच माणसांना भजन मात्र चांगलं येत होतं. एकतारी, टाळ, मृदंग हे त्यांच्या घरादारातलं होतं. रात्र-रात्र बसून अभंग म्हणणारी ही माणसं. रविवारी उपासनेत आली की त्यांचा गळा बाहेर ठेवून यायचं, असं काहीसं होत होतं.

टिळकांच्या आधी हे कोणालाच दिसलं नव्हतं असं नाही. नगरच्याच कृष्णराव सांगळ्यांनी देशी वळणाची गीतं रचली होती, आणि ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडाही नगरकडे १८६० च्या दशकातच पडला होता. मशागत झालेल्या जमिनीत टिळकांनी पेरलं. पण पीक जे आलं ते अमाप.

तुकोबांच्या पुलावरून

बाप्तिस्म्यानंतरची सुरुवातीची वर्षं टिळकही मिशनच्याच वळणाने चालले. हळूहळू त्यांचं मन मराठी संतांकडे परत वळलं. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम हे त्यांना पुन्हा जवळचे वाटू लागले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते मोकळेपणाने सांगत. पूल ओलांडून आल्यावर त्यांनी तो मोडून टाकला नाही. मागून येणाऱ्यांना त्याच वाटेने यायचं आहे हे त्यांना ठाऊक होतं.

म्हणून त्यांनी अभंग हातात घेतला. अभंगाची रचना किती साधी आहे पाहा. मोठ्या अभंगात चार चरण. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, शेवटच्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. छोट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. बस्स, एवढंच. बोलण्याच्या जवळची भाषा, श्वासाला पुरेल एवढी ओळ, आणि यमकामुळे ती पाठही होते. पुढचा माणूस एक ओळ म्हणतो, मागचे सगळे तीच म्हणतात. ध्रुपद पुन्हा पुन्हा येतं. दोन कडवी होईपर्यंत नवख्या माणसालाही गीत आलेलं असतं. पुस्तक नको, चष्मा नको, दिवासुद्धा नको.

गाणं पुढे नेणाऱ्यांनी ह्यावर थोडं थांबून विचार करावा. भजनात पुढच्या माणसाचं काम ओळ देण्याचं असतं. ओळ दिली की त्याने ऐकायचं असतं, कारण आता मंडळी गातेय. त्याचा आवाज कितीही गोड असला तरी मागून उत्तर आलं नाही तर भजन मोडतं. ही पद्धतच अशी आहे की ती पुढच्या माणसाला फार मोठं होऊ देत नाही.

टिळकांनी अभंग लिहिले, पदं लिहिली, भजनं लिहिली. ‘उपासना संगीत’मध्ये त्यांची दोनशेहून अधिक गीतं आहेत. त्यांत ख्रिस्त माउली होऊन येतो, गुरू होऊन येतो, सखा होऊन येतो. मराठी माणसाने देवाला ज्या नावांनी हाक मारली, त्याच जिव्हाळ्याने ते येशूला हाक मारतात. ‘अभंगांजलि’ हा त्यांच्या अभंगांचा संग्रहही प्रसिद्ध आहे.

कीर्तनालाही त्यांनी बळ दिलं. कीर्तनाचा साचा आपल्याला माहीत आहे. आधी नमन, मग पूर्वरंग, त्यात एखादं पद घेऊन तत्त्व उलगडायचं. मध्ये भजन. मग उत्तररंग, त्यात तेच तत्त्व दाखवणारं आख्यान. ह्या साच्यात शास्त्रवचन किती सहज बसतं! पूर्वरंगात क्षमेवरचं वचन घ्या, उत्तररंगात उधळ्या पुत्राची गोष्ट सांगा. प्रवचनाला जो माणूस डुलक्या घेतो, तो कीर्तनाला रात्री उशिरापर्यंत बसून राहतो. आणि ते ऐकायला ख्रिस्ती नसलेली शेजारची माणसंही येतात.

हे सगळ्यांना रुचलं असं समजू नका. टाळ-मृदंग म्हणजे मागे सोडून आलेलं जग, ते पुन्हा उपासनेत कशाला, अशी शंका अनेक मंडळ्यांत होती, आणि आजही कुठे कुठे ऐकू येते. ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. ज्याने फार सोसून जुनं सोडलं त्याला तो आवाज जुन्या जखमेची आठवण देऊ शकतो. टिळकांनी वाद घालण्यापेक्षा गीतं लिहिली. गीतात ख्रिस्त कुठे आहे हे गाणाऱ्याला स्वतःच दिसावं, एवढं ते स्पष्ट ठेवलं. माझ्या मते शंकेचं हेच चांगलं उत्तर होतं.

उलटा प्रवास

एक गोष्ट मला नेहमी आनंद देते. इंग्रजीतून मराठीत गीतं आणण्याचा काळ मोठा होता. मग निकोल मॅकनिकोल ह्या स्कॉटिश मिशनरीने टिळकांची गीतं मराठीतून इंग्रजीत नेली, आणि त्यातली काही तिकडच्या गीतपुस्तकांत छापली गेली. ज्या मंडळ्या फक्त घेणाऱ्या होत्या, त्या देणाऱ्या झाल्या. आपल्या गळ्याने गायलं म्हणून देण्यासारखं काही जवळ आलं. दुसऱ्याचीच नक्कल करत राहिलो असतो तर त्यांच्याकडे नसलेलं असं आपण त्यांना काय दिलं असतं?

शेवटची वर्षं

टिळक मंडळीचे पाळक झाले. १९१२ पासून शेवटपर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचं संपादन केलं. घर नेहमी माणसांनी भरलेलं असे. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखं सांभाळलं. प्लेगच्या दिवसांत दोघांनी आजाऱ्यांची सेवा केली. पैसा घरात आला की दाराबाहेर जायचाच. ह्या माणसाच्या गीतांत सेवेचा आणि दीनतेचा सूर आहे, तो कागदावरून आलेला नव्हता.

१९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. संन्याशासारखं राहून, साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. येशूवर प्रेम करणाऱ्या सर्वांना, बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही, तिथे जागा होती. ह्या कल्पनेवर तेव्हाही मतभेद होते आणि आजही होतील. मी त्याचा निवाडा करायला बसलेलो नाही. पण त्यामागचा विचार तोच होता, दारापाशी उभ्या असलेल्या माणसाचा. तब्येत साथ देईना. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते प्रभूजवळ गेले. वय सत्तावन्न.

एक मोठं काम अपुरं राहिलं. रामायणासारखं ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध करायचं, असा संकल्प करून त्यांनी १९०९ मध्ये ‘ख्रिस्तायन’ सुरू केलं होतं. त्यांच्या हातून सुरुवातीचे थोडेच अध्याय झाले. ते पुढे कोणी नेलं? लक्ष्मीबाईंनी. ज्यांना शाळा अशी लाभलीच नव्हती, ज्यांनी कधीकाळी टिळकांच्या घरात वेगळी चूल मांडली होती, त्यांनी साठाहून अधिक अध्याय रचले. १९३६ साली त्या गेल्या आणि १९३८ मध्ये ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झालं.

टिळकांनी ओळ दिली होती. मागून उत्तर आलं. आणि देणाऱ्याच्या ओळीपेक्षा ते उत्तर कितीतरी लांब होतं.

आपल्यासाठी

प्रियांनो, आज अनेक मंडळ्यांत गाण्यावरून ओढाताण आहे. तरुणांना कीबोर्ड आणि नवी गीतं हवीत, वडीलधाऱ्यांना पेटी आणि जुनं पुस्तक. आमच्याकडेही सरावाच्या वेळी ह्यावर आवाज चढतात. दोन्ही बाजूंना टिळक आपल्याच बाजूचे वाटतात. जुन्या गीतांचे म्हणून वडीलधारे त्यांना घेतात, नवं करणारे म्हणून तरुण घेतात.

पण मला वाटतं टिळकांनी वेगळा प्रश्न विचारला असता. हे गीत कोणाला गाता येत नाही?

आमच्या मंडळीत एक आजी आहेत. त्यांना वाचता येत नाही. टिळकांची कितीतरी गीतं त्यांना पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत पाठ आहेत. डोळे मिटून म्हणतात, टाळी अचूक पडते. पडद्यावर ओळी दाखवून आम्ही नवं गीत घेतो तेव्हा त्या गप्प बसतात, हात मांडीवर. चेहऱ्यावर राग नसतो. जणू पाहुण्या म्हणून आल्या आहेत. आणि त्यांच्याच शेजारी त्यांचा नातू बसतो. इंग्रजी शाळेत शिकणारा. जुन्या गीतातला ‘दीनवत्सल’ हा शब्द आला की तोही तसाच गप्प बसतो, कारण त्याला अर्थ कोणी सांगितलेला नाही. एकाच बाकावर दोन माणसं, आणि दोघांचं आमेन अडकलेलं.

कलस्सैकरांस पत्रात पौल गाण्याला एकमेकांना शिकवण्याचं आणि बोध करण्याचं साधन म्हणतो. तर मग आजीकडून नातवाने शिकावं आणि नातवाकडून आजीने, अशी जागा उपासनेत असायला हवी. त्यासाठी करता येण्यासारख्या काही गोष्टी आहेत. जुनं गीत घेण्याआधी त्यातल्या कठीण शब्दाचा अर्थ एका वाक्यात सांगावा. नवं गीत घेतलं तर सलग तीन-चार रविवार तेच घ्यावं, म्हणजे न वाचणाऱ्यालाही पाठ होईल. ओळ आधी म्हणून द्यावी आणि मंडळीला ती परत म्हणू द्यावी. पट्टी आपल्या गळ्याच्या सोयीची न धरता सर्वांना झेपेल अशी धरावी. आणि अधूनमधून वाद्यं थांबवावीत आणि नुसती मंडळी ऐकावी. मंडळी खरंच गातेय का ते तेव्हाच कळतं.

नुसतं देशी म्हणून गीत चांगलं होत नाही आणि परकी चाल म्हणून वाईटही होत नाही. ‘उपासना संगीत’मध्ये दोन्ही प्रकारची गीतं शेजारी शेजारी आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या गायल्यामुळे काही परक्या चालीही आता आपल्या झाल्या आहेत. गीत माणसाच्या आत गेलं का, त्यातून ख्रिस्त दिसला का, आणि त्या माणसाला मनापासून आमेन म्हणता आलं का, हे पाहायचं. टिळकांनी आयुष्यभर त्या एका आमेनसाठी लेखणी झिजवली. गावकुसाबाहेरच्या माणसाचं आमेन. आपल्या घरातल्या, न पटलेल्या बायकोचं आमेन. दाराशी उभ्या असलेल्या शोधकाचं आमेन.

येत्या रविवारी तुम्ही पुढे उभे असाल तर एकदा शेवटच्या रांगेकडे नजर टाका. तुम्ही शेवटच्या रांगेत असाल तर शेजाऱ्याला गीताचं पान काढून द्या, किंवा ओळ हळूच सांगा. हीसुद्धा उपासना पुढे नेणंच आहे.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू आमची भाषा जाणतोस आणि आमचा गळाही तूच घडवलास. तुझ्या सेवकाच्या द्वारे तू आमच्या मंडळ्यांना दिलेल्या गीतांसाठी आम्ही तुझे आभार मानतो. जे पुढे उभे राहून गातात त्यांना नम्र ठेव आणि ऐकणारे कान दे. जे मागे गप्प बसले आहेत त्यांच्या ओठांवर तुझं गीत घाल. आमच्यातल्या लहानांना आणि थोरांना एकमेकांपासून शिकण्याची कृपा दे. आमच्या उपासनेत कोणीही पाहुणा राहू नये असं कर. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.